नीलव्वाच्या उजव्या हाताची जागा

आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की जाळत नाहीत. पुरतात, आणि तेही बसवून, आपापल्या रानात. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःची जागा जितेपणीच ठरवून टाकली होती. सासूबाई, नीलव्वा (मी त्यांना आत्या म्हणायचे), गेल्या त्या दिवशी खड्डा भरून सगळी माणसं माघारी वळली, तरी आप्पा तिथंच उभे. काठीनं जमिनीवर रेघ ओढली आणि मला म्हणाले, "महानंदा, हिच्या उजव्या हाताला मी. ध्यानात ठेव. रेवणला सांगून उपयोग नाही."

रेवण माझा नवरा. माणूस चांगला, पण बाजारात पिशवी घेऊन जातो आणि पिशवीच विसरून येतो. म्हणून शब्द मी दिला. "होय आप्पा, तिथंच." शब्द द्यायला काय लागतं हो? रान आपलं, खड्डा आपण खणायचा, माणूस आपलं. यात कुणाची परवानगी लागेल असं कुणाच्या बापाला तरी वाटलं असतं का?

अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून आमचं तोरणहळ्ळी. गावाच्या वरच्या अंगाला पूर्वी मोठा माळ होता. मेंढरं चरायची, लांडगे फिरायचे, बाकी तिकडं कुणी फिरकत नव्हतं. त्या माळावर मालाच्या विमानांचा तळ आला. तोवर नवा कायदाही आला होता. जेवढा जिवंत माळ बुजवाल, तेवढाच दुसरीकडं उभा करून दाखवायचा. नुसती झाडं लावून फोटो काढून चालणार नाही. नवा माळ जिवंत आहे हे दरवर्षी सिद्ध करायचं, तरच विमानं उडणार. कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. आधी काय चाललं होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

त्यासाठी त्यांना सलग रान हवं होतं. मजूर मिळेनात म्हणून निम्म्या गावाची रानं पडीकच होती, ती माणसं लगेच तयार झाली. आमचं रान बरोबर मधोमध. रोज कुणी ना कुणी यायचं, चहा प्यायचं आणि "तुमच्यापायी आमचंही अडलंय बघा" म्हणून जायचं. शेवटी रेवणनं होकार दिला. आप्पांनी एकच अट घातली, नीलव्वाला हात लावायचा नाही आणि मलाही तिथंच जागा पाहिजे.

कामाच्या प्रमुख होत्या डॉक्टर सबनीस. माणसांच्या डॉक्टर नव्हेत, गवताच्या. शिकलेली, पण बोलायला एकदम मोकळी मुलगी. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगाचटणी-भाकरी खायची आणि मला काकू म्हणायची. तिनं चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "कुंपण पडलं तरी आजींच्या सोमवारच्या पूजेला फाटक उघडं राहील. उद्या आजोबांचं काही झालं, तर तेही इथंच होईल. फक्त या रानाचा गाभा झाला, म्हणजे अगदीच दुर्मीळ प्राणी इथं विणीला यायला लागला, तर तेवढा भाग बंद करावा लागतो. पण इथं ससे येतील, लाव्हे येतील, खोकड येईल. तेवढ्यानं गाभा होत नाही."

आप्पांनी तिला विचारलं, "नक्की ना बाळ?"

"नक्की आजोबा," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

मग यंत्रं आली आणि त्यांनी आमची माती खरवडून नेली. हो, नेली! मी सबनीस मॅडमला म्हटलं, "अगं बये, माळ करायला आलीस की लुटायला?" तिनं समजावून सांगितलं. रानगवताला उपाशी माती लागते. आमच्या मातीनं तीन पिढ्या शेणखत खाल्लेलं, वरून युरिया. अशा मातीत एका वर्षात गाजर गवत, तरोटा असलं उंडगं तण माजतं आणि मारवेल, पवन्या, कुसळी त्याच्या खाली घुसमटून मरतात. वरचा काळा थर काढला की खालचा मुरमाड थर उघडा पडतो, आणि तोच रानगवताला मानवतो. शास्त्र बरोबर असेल. पण आप्पा बांधावर बसून बघत होते. "माझ्या बापानं डोक्यावरनं शेण वाहून केलेली माती," ते म्हणाले, "आणि ही पोरगी म्हणती, ती फार चांगली झालीय म्हणून चालत नाही." ती माती विमानतळाच्या बागेला गेली म्हणे.

यंत्रावरचा माणूस भला होता. विभूती लावलेला दगड बघून त्यानं फाळ उचलला आणि वळसा घालून गेला. त्यामुळं सगळं रान गुडघाभर खाली गेलं आणि नीलव्वाची जागा तेवढी ओट्यासारखी वर राहिली.

दोन पावसाळ्यांत गवत उभं राहिलं. कमरेपर्यंत. वारं आलं की सगळं रान एका अंगाला झुकायचं. मी आयुष्यभर गवत उपटलं, पण ते बघून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता हुंग्याबद्दल सांगायला पाहिजे. माळ जिवंत आहे हे ठरवायला पूर्वी माणसं दुर्बिणी घेऊन हिंडायची. आता खांबावर पेट्या बसवल्या होत्या, भाताच्या कुकराएवढ्या. त्या दिवसभर हवा ओढायच्या. प्रत्येक जिवाच्या अंगावरनं सतत काहीतरी झडत असतं, कातडीचा कोंडा, पिसाचा भुगा, थुंकीचा कण. त्यात त्या जिवाची खूण असते, आपण डीएनए म्हणतो ती. पेटीतल्या गाळणीवर तो कण अडकला की पेटी तिथल्या तिथं खूण वाचते आणि सांगते, काल इथून मुंगूस गेलं, परवा घार येऊन बसली होती. किती होतं, थांबलं की नुसतं गेलं, तेही कळतं. माणूस आला तर तेही कळतं. गावानं त्या पेटीचं नाव ठेवलं हुंग्या.

हुंग्यापुढं कुणाचं काही लपत नव्हतं. एका सोमवारी आमच्या पूजेनंतर पेटीनं कोंबडीची नोंद दिली. मॅडमनं भोळेपणानं फोन केला, "काकू, रानात कोंबड्या सोडल्यात का कुणी?" लिंगायताच्या रानात कोंबडी! मी रेवणकडं बघितलं. आदल्या दिवशी हा बाबा सोलापूरला लग्नाला गेलेला, तोच सदरा घालून पूजेला आला होता. आप्पा इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नीले, तुझा लेक बाटला गं," असं म्हणून ते त्या दगडाशी पुन्हा हसले.

आमचा सोमवार कधी चुकला नाही. मी आणि आप्पा जायचो. ओट्यावरचं तण काढायचं, शेणानं सारवायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि पाखरांना म्हणून मूठभर ज्वारी टाकायची. आजूबाजूला सगळं गवत कमरेएवढं, आणि मधे ही एवढीच जागा उंच आणि लख्ख मोकळी. माणूस गेलं तरी त्याचं अंगण झाडून ठेवावं, अशी आमच्यातली रीत. यात कुणाचं काय वाकडं होणार होतं?

तिसऱ्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. गवतातनं वाट काढत गेलो, तर आप्पांनी माझा हात धरला. "थांब."

ओट्यावर एक पाखरू उभं होतं. कोंबड्यापेक्षा थोडं लहान, काळंभोर, लांब मान, आणि डोक्यामागं चार-दोन पिसांची तुरेदार शेंडी. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि टुणकन सरळ वर उडी मारली. गवताच्या वर, माणसाच्या डोक्याएवढी. पंख फडफडवत बेडकासारखा आवाज काढला आणि पुन्हा तिथंच खाली. लगेच पुन्हा उडी. पुन्हा. थांबायचं नाव नाही.

"तणमोर," आप्पा कुजबुजले. "माझ्या आजानं दाखवला होता. मला वाटलं संपले सगळे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग एकदम हसू आलं त्यांना. "बघ की गं, नीलीच्या डोक्यावर नाचायलाय."

आम्ही पूजा न करताच परत आलो. उगाच कशाला हुसकवा. मॅडमला सांगायला फोन लावला, तर पलीकडून ती रडत होती. आनंदानं! हुंग्यानं तिला आधीच सांगितलं होतं. आख्ख्या देशात ते पाखरू मोजकंच उरलेलं. "काकू, तुम्हाला कल्पना नाही काय झालंय," ती म्हणत होती.

खरंच कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. पाटावर बसली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, नर गवतात लपून असतो. मादीला दिसावं म्हणून उड्या मारतो, आणि उडी मारायला त्याला मोकळी, जरा उंच जागा लागते. सगळ्या नव्या माळावर तशी जागा एकच. मग खाली मान घालून म्हणाली, "ती जागा गाभा झालीय. वीण संपेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या तोंडापर्यंत, कुणालाच आत जाता येणार नाही. आणि गाभ्यात खोदकाम... ते कायमचंच बंद होतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे आम्ही जागा झाडली, सारवली, दाणे टाकले, म्हणून तुझं पाखरू आलं. आणि ते आलं म्हणून आम्ही बाहेर?"

"हो काकू."

नुसतं "हो" म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"आणि आमच्या आप्पांचं काय?"

"मी अर्ज टाकलाय वर. अपवाद करा म्हणून. तुमची पूजा होती म्हणूनच जागा तयार झाली, हेही लिहिलंय."

आप्पा आत बाजेवर पडून सगळं ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "तिला कशाला ओरडलीस? पोरीचा काय दोष?"

"मग दोष कुणाचा आहे ते तरी सांगा, त्याला ओरडते!" मी म्हटलं. आप्पांनी विचार केला. बराच केला. मग कूस बदलून झोपले.

त्यानंतर त्यांनी हट्टच धरला, दिवाळीपर्यंत जगायचं. खोदकाम कायमचं बंद आहे हे त्यांच्या कानावर पडलं होतं, पण मनानं घेतलं नव्हतं. अर्ज गेलाय, फाटक उघडेल, मग बघू. ज्या गोळ्या ते गादीखाली दडवायचे त्या मागून मागून खाऊ लागले. दूध आवडत नव्हतं, ते प्यायला लागले. सकाळी उठलं की पहिला प्रश्न, "काही आलं का गं वरनं?" मी म्हणायचे, "येईल की आप्पा, सरकारी काम आहे." मॅडमचा अर्ज एका कचेरीतनं दुसरीकडं जात होता. पहिलीवाले म्हणाले, सहानुभूती आहे, पण अधिकार वरच्यांना. वरचे म्हणाले, कायद्यात अपवादाला जागाच नाही, ती पूर्वीच्या लबाड्या बघून मुद्दामच ठेवली नाही. बरोबरच होतं त्यांचं. पूर्वी अपवादातनंच सगळे माळ गेले होते.

श्रावणात आप्पा बांधापर्यंत चालत जायचे आणि तारेला धरून उभे राहायचे. लांब गवतावर काळा ठिपका उसळायचा, खाली जायचा. दोनदा मादीही दिसली. "पोरं होणार बघ याला," आप्पा म्हणायचे. त्या पाखराचा त्यांना राग येत नव्हता. मला येत होता. मग ते नाचायला लागलं की माझाही राग राहत नव्हता आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

भाद्रपदात आप्पा गेले. पहाटे दूध मागितलं, मी तापवून आणेपर्यंत गेले होते.

रेवण नुसता भिंतीला टेकून बसला. मी मॅडमला फोन केला. "आज," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "काकू, मी निघाले." सोलापूरहून निघून दुपारच्या आत पोचली. वाटेत असतील नसतील तेवढ्या साहेबांना फोन करून झाले होते. आल्यावर तिच्या तोंडाकडं बघूनच मला उत्तर कळलं.

तरी मी म्हटलं, जायचं. आप्पांना अंघोळ घातली, विभूती लावली, नवं धोतर नेसवलं, विमानात बसवलं. आमच्यात तिरडी नसते, फुलांनी सजवलेल्या विमानात माणूस ताठ बसून निघतो. भजन म्हणत सगळे रानाकडं निघालो. फाटक कसलं, नुसती तारेची चौकट. रेवणनं लाथ मारली असती तरी पडलं असतं. पोलीस नव्हते, पहारेकरी नव्हता, होता तो खांबावरचा हुंग्या. मॅडम आमच्या मागून येत होती, तिनं कुणाला अडवलं नाही.

फाटकासमोर शरणप्पा म्हेत्रे बसले होते. मांडी घालून, चिखलात.

शरणप्पा म्हणजे आप्पांचे जिवाचे दोस्त. दोघं एका बैलजोडीवर शेती शिकले. त्यांचं लिंबाचं रान आमच्या शेजारी, ते त्यांनी माळाला दिलं नव्हतं. आणि कायद्यात असं होतं की गाभ्याला धक्का लागला, तर भरपाई एकास दोन. म्हणजे आमचा माळ बाद, आणि लगतचं दुप्पट रान सक्तीनं घ्यायचं. लगतचं म्हणजे पहिलं शरणप्पांचं.

"उठा काका," रेवण म्हणाला.

शरणप्पांनी विमानाकडं बघून हात जोडले. आमच्याकडं नाही, आप्पांकडं. "इरप्पा, मला माफ कर बाबा. माझा सिद्धू आहे रे त्या रानात." त्यांचा थोरला मुलगा. विसाव्या वर्षी विजेच्या तारेनं गेला, लिंबांच्या मधे बसवलाय त्याला. "त्याची माती खरवडून नेतील. सगळे यंत्रवाले वळसा घालत नाहीत. मी तुला आत जाऊ देईन, पण मग मला पण खड्ड्यात घाल तुझ्याबरोबर."

भजन थांबलं. मी बोलायला तोंड उघडलं. मला बोलता येत नाही असं गावात कुणी म्हणणार नाही. सासरी आल्यापासून तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांना तोंडावर सुनावलंय मी. त्या दिवशी मला एक शब्द सुचेना. म्हाताऱ्याला काय बोलणार होते? माझा सासरा आत जाऊ दे, तुझा पोरगा उकरू दे, असं? तिकडं गवतावर तो काळा ठिपका वर आला, खाली गेला, वर आला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

रेवणच बोलला शेवटी. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ठरवलं आणि मी ऐकलं. "वळवा," तो म्हणाला.

गावाच्या खालच्या अंगाला लिंगायतांची रुद्रभूमी आहे. ज्यांना रान नाही त्यांच्यासाठी. आप्पांना तिथं बसवलं. स्वामींनी मंत्र म्हटले, मूठमूठ मीठ पडलं, बेल पडला, माती पडली. शेजारी एका बाजूला कुण्या परगावच्या शिक्षकाची समाधी, दुसऱ्या बाजूला बाभळ. शरणप्पांनी आप्पांवर पहिली माती टाकली आणि शेवटचीही त्यांनीच टाकली. नंतर मी स्वामींना बाजूला घेऊन विचारलं, पुढं कधी परवानगी मिळाली तर? ते म्हणाले, "बसवलेल्याला उठवत नाहीत, आक्का."

तणमोराला तीन पिल्लं झाली. मॅडमनं फोन करून सांगितलं, अगदी हळू आवाजात. मी "बरं" म्हटलं. पिल्लांनी काय घोडं मारलंय.

दिवाळीच्या तोंडावर फाटक उघडलं. मॅडम आली. या वेळी पाटावर बसली, पण भाकरी तोडेना. म्हणाली, "काकू, पुढच्या पावसाळ्याआधी ती जागा पुन्हा तशीच व्हायला हवी. स्वच्छ, सारवलेली. आम्ही दुसरीकडे तसे ओटे करून बघू, पण ते पाखरू तिथंच परत येईल. यंत्रानं केलं तर येईल की नाही सांगता येत नाही. तुमच्या हाताची सवय झालीय त्या जागेला. पण तुम्हाला नको असेल तर मी समजू शकते. खरंच."

"आणि केलंच नाही तर?"

"गवत वाढेल. पाखरू आलं नाही तर गाभा मोडेल." तिनं वर बघितलं. "मग एकास दोन."

म्हणजे झाडायचं, तर आप्पांची जागा कायमची बंद. झाडायचं नाही, तर सिद्धूची माती जाणार आणि नीलव्वा तणाखाली बुजणार. मी कितीतरी वेळ दोन्हीकडनं विचार करून बघितला. तिसरी वाट कुठंच निघेना. रेवणला विचारलं, तर तो म्हणाला, "तू ठरव." मी म्हटलं, "ठरवायला उरलंय काय त्यात?"

आता सोमवारी आमची दोन तोंडं दोन दिशांना. रेवण खाली रुद्रभूमीत जातो बापाकडं. पिशवी विसरणारा माणूस, पण तो सोमवार विसरत नाही. मी वर रानात जाते.

परवा गेले होते. गवत पिवळं पडलंय. ओट्यावर पाखराची पिसं होती, विष्ठा होती, नखांनी उकरलेली माती होती. सगळं काढलं. शेण कालवलं आणि डावीकडनं सारवत सारवत उजव्या अंगाला आले. तिथली जमीन सपाट, कुणीही न उकरलेली. तिच्यावरही हात फिरवला, कारण पाखराला तीही लागते. हात मधेच थांबला आणि मला रडू फुटलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून चांगलं मोठ्यानं रडून घेतलं.

मग पदरानं तोंड पुसलं आणि दगडाला विभूती लावली.

"आत्या," म्हटलं, "सरकून बसला असाल तर नीट बसा आता. आप्पा येत नाहीत."